बावीस सेकंद खाली

सिद्धेशला टाळायचं हे आम्ही एका शनिवारी सकाळी इडली खाता खाता ठरवलं. आज सांगताना लाज वाटते, पण त्या दिवशी कुणाच्याच घशात घास अडकला नाही. उलट मी चटणी दोनदा मागून घेतली.

आम्ही चौघं पुण्याच्या एकाच कॉलेजातले. शार्दूल, अमन, सिद्धेश आणि मी, उल्हास. आता चौघंही कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. युटाच्या वाळवंटात एक खोल दरी आहे आणि तिच्या तळाशी खवळलेली नदी. रबरी राफ्टमधून पाच दिवस त्या नदीतून जायचं, तर परमिट लागतं आणि ते सोडतीत निघतं. शार्दूल सहा वर्षं अर्ज करत होता. या वर्षी त्याला जूनची तारीख लागली.

अडचण एकच होती, सिद्धेश. हा पाण्याला भितो. भितो तर गुमान घरी बसावं की नाही? तर हा बाबा त्रेचाळिसाव्या वर्षी पोहण्याच्या क्लासला जायला लागला. पाच-पाच वर्षांच्या पोरांशेजारी काठ धरून पाय मारायचा आणि आम्हाला व्हिडिओ पाठवायचा. "कोच म्हणाली, गुड प्रोग्रेस!"

"हा पाण्यात पडला तर याला काढण्यातच आपली ट्रिप जाणार यार," शार्दूल म्हणाला. अमनने मान डोलावली. मीही डोलावली. मग शार्दूलने तिथूनच, इडलीचे हात न धुता, सिद्धेशला फोन केला आणि परमिट कॅन्सल झालं म्हणून सांगितलं.

सिद्धेशनेच त्याची समजूत घातली. "जाऊ दे रे, वाईट नको वाटून घेऊ. नेक्स्ट इयर नक्की. तोपर्यंत मी पक्का शिकतो."

फोन ठेवल्यावर आम्ही टेबल बडवून हसलो. तिघांचा नवा ग्रुप झाला. कुठल्या वाळूवर मुक्काम करायचा, थालीपिठाची भाजणी किती न्यायची, टॉयलेटचा डबा कुणी उचलायचा, सगळं महिनाभर चाललं होतं. मे महिन्यात एका शुक्रवारी आम्ही नदीतली सगळ्यात वाईट जागा आधी बघून यायला निघालो.

निघताना शार्दूलची बायको कांचन दारात आडवी आली. "तिघं तिघं काय निघताय? चौथा म्हणून हा खडा घ्या," असं म्हणून तिने कुंडीतला मुठीएवढा गोटा माझ्या हातात दिला. आमच्या घरीही आई असंच करायची. तिघांना निघायची वेळ आली की खिशात एक खडा.

त्यावर मार्करने 'सिद्धेश' लिहायची कल्पना माझी. कुणी विचारलं नाही तरी हे सांगून टाकतो. मी त्याला मागच्या सीटवर ठेवून बेल्टही लावला. मग काय, बारा तास आम्हाला दुसरा विषय नव्हता. "सिद्धेश, सू लागली का रे?" "सिद्धेश, रडू नको, पाणी अजून लांब आहे." हसून हसून माझं पोट दुखलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पायवाटेने दरीत उतरलो. वर आग ओकणारं ऊन आणि खाली तापलेल्या दगडाचा, ओल्या मातीचा वास. एक पाखरू नाही. फक्त पाण्याचा आवाज, इतका मोठा की कानांऐवजी छातीत ऐकू यावा. त्या जागेला बोटवाले 'लाँड्री' म्हणतात. एका खडकामागे पाणी उभं गोल फिरतं. आत गेलेली वस्तू खाली ओढतं, वर फेकतं आणि पुन्हा ओढतं.

"इथे माणूस पडला तर काय होतं ते बघू," शार्दूल म्हणाला. अमनने माझंच एक जुनं नारिंगी लाइफ जॅकेट आणलं होतं. बोटवाल्यांच्या पद्धतीप्रमाणे त्यावर फोन नंबर लिहिलेला होता, माझा. शार्दूलने जॅकेटमध्ये गोटा बांधला, तिन्ही बकलं लावली आणि दोन्ही हातांनी ते फेकलं. "जा बाबा सिद्धेश, पोह!"

मी फोनवर वेळ लावली. बावीस सेकंद खाली. तीन सेकंद वर. परत बावीस. परत तीन. इकडचं तिकडे होत नव्हतं. अमनने टाळ्या वाजवल्या. मग पाचव्या का सहाव्या वेळी जॅकेट वर आलं तेव्हा ते फुगलेलं दिसलं. गोट्याने फुगावं तसं नाही... आत छाती असावी तसं. गळ्याची बाजू आमच्याकडे होती.

"चला... ऊन फार आहे," अमन म्हणाला. घड्याळात दीड वाजला होता. फ्रीमाँटला साडेबारा.

पेट्रोल पंपावर नेटवर्क आलं आणि सिद्धेशच्या बायकोचे, नीलांबरीचे, अकरा मिस्ड कॉल दिसले. साडेबाराच्या क्लासमध्ये, चार फूट पाण्यात, सिद्धेश खाली गेला होता. कोचने अर्ध्या मिनिटात बाहेर काढलं. पण तो शुद्धीवर येत नव्हता.

सोमवारी मी हॉस्पिटलमध्ये गेलो. नीलांबरी उशाशी बसली होती. "परमिट गेलं तरी क्लास सोडला नाही बघ याने," ती म्हणाली. "म्हणायचा, पुढच्या वर्षी माझ्यामुळे तिघांना टेन्शन नको."

तेवढ्यात सिद्धेशचा श्वास थांबला. मी दचकून उठलो. "घाबरू नकोस," ती हळूच म्हणाली. "शनिवारपासून असंच चाललंय... डॉक्टरांनाही कळत नाहीये. थांबतो, मग घेतो." त्याने मान मागे टाकली, आ वासला, तीन सेकंद हवा गिळली. आणि पुन्हा थांबला. मी मनात मोजायला लागलो. मोजायला नको होतं. बावीस.

पार्किंगमध्ये मी शार्दूलला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "योगायोग आहे. आणि हे बघ... कुणापाशी बोलू नकोस. उगाच चौकशी झाली तर परमिट जाईल."

आणि मी बोललो नाही. दोन दिवस गप्प बसलो. त्या दोन दिवसांत तो किती वेळा खाली गेला असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

बुधवारी दुपारी हॉस्पिटलच्या जिन्यात असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. एक बाई, राफ्टवरची गाइड, सॅटेलाइट फोनवरून बोलत होती. लाँड्रीत एक नारिंगी जॅकेट फिरतंय, त्यावर हा नंबर दुर्बिणीतून दिसला. तुमचा कुणी माणूस हरवलाय का?

"नाही," मी म्हणालो, "माणूस नाही. पण प्लीज... ते बाहेर काढा. काहीही करून काढा." पाणी वाढतंय, पण दोर टाकून बघते, म्हणाली.

मी धावत वर गेलो. सिद्धेशच्या पलंगाची कड धरून उभा राहिलो. बावीस. तीन. बावीस. तीन... चार... पाच. श्वास थांबला नाही. नीलांबरी ओरडली, नर्स धावल्या. सिद्धेशने डोळे उघडले. मी लहान पोरासारखा रडलो. खरंच सांगतो, आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

त्याने मला जवळ बोलावलं. ओठ फुटले होते. "उल्हास... तुम्ही तिघं... आलात वर?"

"आम्ही कुठे होतो रे पाण्यात?" मी म्हणालो. तो माझ्याकडे बघत राहिला, काळजीने.

तेवढ्यात फोन वाजला. मी बाहेर आलो. तीच गाइड. खर्रखर्र आवाज येत होता. एक काढलंय, म्हणाली. बाकीच्यांपर्यंत दोर पोचत नाही. पाणी चढलंय, आम्हाला पुढे निघावं लागेल.

"बाकीच्यांपर्यंत?"

जॅकेट्स, ती म्हणाली. तशीच नारिंगी, बकलं लावलेली. दोन आत फिरतायत. तिसरं अजून कडेला आहे, हळूहळू आत सरकतंय. आणि लाइन तुटली.

आम्ही एकच जॅकेट नेलं होतं.

मी शार्दूलला फोन लावला. कांचनने उचलला. "बरं झालं तूच केलास," ती म्हणाली. "अरे, हा आत्ता जेवता जेवता मध्येच थांबलाय... श्वासच घेत नाहीये... थांब, घेतला. घेतला वाटतं... नाही रे, परत थांबला!"

ॲम्ब्युलन्स बोलाव, एवढंच मी म्हणू शकलो. अमनला मी अजून फोन केलेला नाही.