दोरीवरचा पिवळा सदरा

उद्या पहाटेच निघताय म्हणता? निघा की. गाडीला हिवाळी टायर चढवले, मागच्या सीटवर पोर बसवलं, तळलेल्या मांसाचे तुकडे पावात घालून बांधून घेतले, म्हणजे आपल्या बर्नो गावच्या माणसाची युरोपच्या सफरीची तयारी झाली. हॉटेलात जेवलं तर आपल्याला पचत नाही ना! इवो, तू हसतोस, पण तुझ्या डिकीत डबाबंद कालवणाचे वीस डबे तरी असणार. लाव पैज.

मला फक्त एक सांग, शार्का. लेकीचे कपडे वाळत कुठे घालणार आहेस?

नाही, थट्टा नाही करत. ते लाकूड जरा शेगडीत सार. छोकरी झोपली ना वर? मग तो मोठा दिवाही मालव, डोळ्यांवर येतो. सांगतो.

तीस वर्षं मी आल्प्सच्या रस्त्यांवर ट्रक हाकला. रात्रभर गाडी चालवणाऱ्याला पुष्कळ काय काय दिसतं, पण तो त्याला झोप म्हणतो, कॉफी पितो आणि पुढे जातो. तेव्हा मी काही भुताखेतांचा माणूस नव्हे. पण हे राडिमच्या बाबतीत घडलं, आणि राडिम माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. शिवाय हे जिथे घडलं ती खोली त्यांना मीच सुचवली होती, स्वस्त आणि स्वच्छ म्हणून. त्यामुळे यातलं थोडं माझ्याही माथी आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. राडिम, त्याची बायको वेंदुला आणि अडीच वर्षांची रोझारका, तिघं नाताळ झाल्यावर जुन्या श्कोडा गाडीतून निघाले. त्रिएस्तेला जाऊन समुद्र बघायचा आणि परत यायचं. टोल वाचवायला जुने घाटरस्ते, जेवण गॅसच्या छोट्या शेगडीवर, आणि झोप मिळेल तिथे. एवढ्या थंडीत लहान मूल घेऊन कोण जातं, असं माझी बहीण म्हणालीच. पण त्याला कारण होतं.

आदल्या एप्रिलमध्ये वेंदुलाला दुसरं बाळ झालं होतं. झालं म्हणायचं. ते रडलंच नाही. तेव्हापासून ती बोलायची, स्वयंपाक करायची, पण घरात नसल्यासारखी. राडिमला वाटलं, समुद्र बघितला तर बरं वाटेल तिला. आणि खरं सांगायचं तर त्याला त्या घरातून पळायचं होतं.

का पळायचं होतं, तेही सांगून टाकतो. दवाखान्यात एका बाईने त्याच्यासमोर कागद ठेवला होता. मुलाला पुरायला तुम्ही नेणार की आम्हीच बघू? आणि नाव? वेंदुलाने खाटेवरून नाव सांगून पाठवलं होतं. याखिम. राडिमने नावाची जागा कोरी सोडली, ‘तुम्हीच बघा’वर खूण केली, सही केली आणि बाहेर आला. ती छोटी पेटी हातात घेऊन चालण्याची त्याची छाती झाली नाही. आणि बायकोला सांगितलं, नाव लिहिलं, दवाखान्याच्या बागेत झाडाखाली ठेवलंय त्याला. ती सारखी म्हणायची, मला ने तिथे. हा म्हणायचा, बागेचं काम चाललंय, बंद आहे. असे आठ महिने गेले. एक खोटं बोलला आणि त्याला पाणी घालत बसला.

तर परतीच्या वाटेवर ते ऑस्ट्रियातल्या त्या दरीत पोहोचले. तारीख पाच जानेवारी, गुरुवार. घाटातल्या वळणांवर रोझारकाला दोनदा ओकारी झाली होती आणि तिचे होते नव्हते ते सगळे कपडे खराब झाले होते. वेंदुला खोलीत बेसिनपाशी कपडे धूत होती. दुसऱ्या दिवशी तीन राजांचा सण, नाताळाच्या दिवसांतला शेवटचा, म्हणून दुकानं बंद. म्हणून पावणेसहाला राडिम धावतपळत दूध आणि खोकल्याचं औषध आणायला गेला आणि घेऊन आला.

दारात घराची मालकीण बुर्गीआजी उभी. हातात निखाऱ्यांचं भांडं, त्यावर धूप टाकलेला, आणि ती खोल्याखोल्यांतून धूर फिरवत होती. मी ओळखतो तिला. जिभेला हाड नाही, पण मन लोण्याचं.

“कपडे धुताय वाटतं,” ती म्हणाली. “धुवा. पण गॅलरीत टाकायचे नाहीत हं. आज शेवटची रात्र आहे.”

“का आजी? चोर येतात का?”

“चोर परवडला रे बाबा. त्याला तुझी विजार तरी बसते.” मग तिने आवाज खाली आणला. “नाताळापासून या बारा रात्री वरून जाणारे जातात. हिवाळ्यात फिरणारी पेर्ख्ता म्हातारी पुढे, मागे पोरांची रांग. नाव ठेवायच्या आधी गेलेली पोरं. उघडी असतात बिचारी. दोरीवर लहान कपडा दिसला की थांबतात.”

राडिमच्या हातातली दुधाची बाटली सटकता सटकता राहिली.

“घाबरलास होय? बर्नोचे लोक एवढे भित्रे असतात, ठाऊक नव्हतं मला,” असं म्हणून ती हसली आणि धूर घेऊन पुढे गेली.

वर गेल्यावर वेंदुलाने विचारलं, “काय म्हणत होती आजी?”

“काही नाही. सणाचा धूर करतेय.”

खोली एवढीशी. खुर्चीवर, खिडकीच्या मुठीला, खाटेच्या दांडीला ओले कपडे. काचांवरून पाणी ओघळत होतं. रोझारका झोपेत खोकत होती, आणि खोकला चांगला वाटत नव्हता.

“हे सगळं बाहेर टाक,” वेंदुला म्हणाली. “या ओलीने तिची छाती भरेल. थंडीत गोठतात आणि सकाळी झटकले की वाळलेले. माझी आजी तेच करायची.”

“आजी म्हणाली, बाहेर नको.”

“का नको?”

आता काय सांगणार? नाव न ठेवलेली मुलं म्हटलं असतं, तर तिने पुढचा प्रश्न विचारलाच असता. राडिम उठला. मग बादली उचलली आणि गॅलरीत गेला. त्याला काय होणार होतं ते ठाऊक नव्हतं. पण आपण का जातोय ते पक्कं ठाऊक होतं. मला त्याने तसंच सांगितलं. “मामा, भुतं नसतात असं वाटलं म्हणून मी गेलो नाही. बायकोला तोंड द्यायला नको म्हणून गेलो.”

गॅलरी पहिल्या मजल्यावर, लाकडी. खालून जिना नाही. फळ्यांवर वीतभर बर्फ. दोरी त्याच्या डोक्याएवढी उंच. मोजे, विजारी, टोपी, आणि शेवटी रोझारकाचा फ्लॅनेलचा पिवळा सदरा. चिमटे लावले, दार लावलं, पडदा ओढला आणि झोपला.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्याला जाग आली.

चर्र...

दोरीचा आवाज. ओझं आलं की येतो तसा. मग थांबला. मग पुन्हा. चर्र...

शेजारी रोझारका नव्हती.

ती काचेच्या दाराशी उभी होती. पडदा बाजूला केलेला. बाहेर लख्ख चांदणं. नाक काचेला टेकलेलं. खोकत नव्हती.

“रोझारका? काय करतेस?”

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. हळूच म्हणाली, “बाबा, बाळाचा हात पुरत नाही.”

राडिमने पाहिलं.

कपडे गोठून ताठ झाले होते. वारा नव्हता. मोजे हलत नव्हते. विजारी हलत नव्हत्या. फक्त पिवळ्या सदऱ्याचं टोक... खाली ओढलं जात होतं. सुटत होतं. पुन्हा ओढलं जात होतं. खाली कोणी नव्हतं. कठड्यावरचा बर्फ जसाच्या तसा होता.

“मामा, आधी भीती नाही वाटली,” राडिम मला म्हणाला होता. “आधी लाज वाटली.”

आणि लाज वाटलेला माणूस काय करतो? त्याने पडदा ओढला. पोरीला उचललं आणि पांघरुणात घेतलं.

“वारा आहे गं. झोप.”

म्हणजे पुन्हा एकदा दार लावलं. एप्रिलमध्ये लावलं होतं, तसंच.

थोडा वेळ काही नाही.

मग त्याच्या लक्षात आलं... पोरगी गार पडतेय. आधी पावलं. मग हात. मग पोट. दोन पांघरुणं, त्याचं स्वतःचं अंग, आणि आत ती दगडासारखी गार. तो तळवे चोळत राहिला. ऊब येईना. श्वास होता. पण एक घेतला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती.

टक.

काचेवर. खाली. गुडघ्याच्या उंचीवर.

टक.

वेंदुला जागी झाली. तिचा हात पोरीच्या गालाला लागला.

“राडिम... ही इतकी गार का?”

तो तळवे चोळतच राहिला.

“राडिम!”

टक.

“मी नाव लिहिलं नव्हतं,” तो म्हणाला. “वेंदुला... कागदावर. मी नाव लिहिलं नाही. बागेतही नाही तो. कुठे आहे, मला माहीत नाही.”

ती ओरडली नाही. तिने काय ओरडायचं? ती त्याच्याकडे बघत राहिली. मग काचेच्या दाराकडे. मग पोरीला छातीशी घट्ट धरलं, आणि एवढंच म्हणाली, “मग जा.”

त्याने दार उघडलं. अनवाणी बाहेर गेला. चिमटे गोठले होते, निघेनात. शेवटी निघाले. तो बर्फात गुडघ्यांवर बसला. ताठ झालेला सदरा हातांनी चोळून मऊ केला. लहान मुलाला घालताना धरतो ना आपण, गळा मोठा करून... तसा धरला. खाली. अगदी खाली.

“याखिम,” तो म्हणाला.

काही नाही.

“याखिम. ये बाळा. चुकलो मी.”

त्याने डोळे मिटले. बघायची हिंमत नव्हती. सदरा हातात जड झाला... थोडासा. मांजराच्या पिलाएवढा. मग हलका झाला. मग हातात काहीच नव्हतं.

आणि आतून रोझारकाचा खोकला ऐकू आला. खणखणीत, छाती फाटेल असा. जन्मात कोणाच्या खोकल्याने त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. तो तिथेच बर्फात बसून रडला.

उजाडल्यावर गॅलरीत फक्त त्याच्या अनवाणी पावलांचे ठसे होते. बुर्गीआजीने दोरीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. रोझारकासाठी गरम दुधाची बाटली भरून दिली आणि दारावर खडूने तीन राजांची खूण काढत राहिली. ते निघाले. पाचशे किलोमीटर, आणि वेंदुला एक शब्द बोलली नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मीसुद्धा म्हटलं असतं, पोरगं थकलेलं होतं, भ्रम झाला. पण आता माझं ऐका. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. कुंड्यांना पाणी घालायला. त्याच सहा तारखेला सकाळी दहाला मी गेलो, म्हटलं संध्याकाळी येतायत, घर जरा गरम करून ठेवू. छोट्या खोलीत बाळाची कठड्याची खाट होती, याखिमसाठी आणलेली. ती मोडायची कोणाची छाती झाली नव्हती. त्या खाटेत एक पिवळा सदरा पडला होता. काठ ओला. बाह्या व्यवस्थित दुमडलेल्या, दोनदा. मोठ्याचा कपडा लहानाला घातला की दुमडतात तशा.

मला काय माहीत! मला वाटलं, निघायच्या गडबडीत राहिला असेल. रिकाम्या खाटेत बघून वेंदुलाला त्रास होईल. म्हणून मी... मी तो उचलला. बाह्या सरळ केल्या, घडी घातली आणि खणात ठेवून दिला. चांगलं करायला गेलो मी. अजून रात्री आठवलं की उठून बसतो.

संध्याकाळी ते आले. स्वयंपाकघरात बसून राडिमने हे सगळं सांगितलं. पिवळा सदरा म्हणताच मला सकाळचा आठवला. मी उठलो, खण उघडला.

खण रिकामा.

छोट्या खोलीतून वेंदुलाचा आवाज आला. दिवसभरातला पहिला. आम्ही गेलो. ती खाटेच्या कठड्याला धरून उभी होती. आत सदरा. बाह्या दोनदा दुमडलेल्या.

“मामा,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “आता त्याच्या अंगातून काढू नका.”

राडिम दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेला. नाव लिहून आला. बाळ कुठे आहे ते कोणालाच सांगता आलं नाही. वेंदुला त्याच्याबरोबर राहते, बोलते. माफ केलंय की नाही, ते मी विचारलेलं नाही.

खाट तिथेच आहे. सदऱ्याला कोणी हात लावत नाही. रोझारकालासुद्धा सांगावं लागत नाही.

गेल्या रविवारी मी जेवायला गेलो होतो तेव्हा डोकावलो. सदरा तसाच होता.

बाह्या मात्र आता एकदाच दुमडलेल्या आहेत.