लाल पट्टी, हिरवी पट्टी

माहुल कोळीवाड्याचा अनंता पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा म्हणाला, "लाल रिबन छान दिसते."

माझ्या वेणीतली रिबन हिरवी होती. मी मनात म्हटलं, आला शहाणा.

आमचं दुकान घाटकोपर स्टेशनसमोर, एका जिन्याखाली. चंद्रप्रकाशशेठ ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, एलईडी सुटे विकायचे. शिवाय पोरांनी घरी जोडायची किटं, पिशवीत भरून. भरायचं काम माझं. नववीत बाईंशी भांडून शाळा सोडली, पण नजर माझी तेज. तांदळाएवढ्या रेझिस्टरवर रंगीत पट्ट्या असतात, त्यावरून कुठला कुठे लावायचा ते कळतं. मी लांबूनच वाचायची.

अनंताने पळत्या दिव्यांचं किट घेतलं. नारळी पुनवेला बापाची होडी सजवायची होती. वर चार लाल एलईडी मागितले, पण सगळ्या रंगांचा डबा समोर असून हात लावेना.

"तूच दे ना वेचून."

दिले. बोटाला बोट लागलं... कुणीच लगेच काढलं नाही.

आठवड्याने आला, दिवे पेटत नाहीत म्हणून. शेठने दुसरं किट दिलं आणि मला झापलं. जाताना ह्याने आणखी सहा लाल वेचून घेतले — माझ्याकडूनच.

तिसऱ्यांदा आला तो मामाला घेऊन. खंडूमामा पुढच्या महिन्यात त्याला ट्रॉलरवर कामाला नेणार होता. दिवे अजून बंदच. शेठ शांतपणे म्हणाले, मालन, तू माल चुकीचा भरतेस, सोमवारपासून येऊ नको. आई आजारी, घर माझ्यावर चाललेलं. माझं डोकंच फिरलं. अनंताच्या हातातलं सर्किट हिसकावलं. बघितल्या बघितल्या कळलं — लाल पट्टीच्या जागी हिरवीवाला, हिरवीच्या जागी लालवाला.

"किटातल्या कागदावर लिहिलंय ना रे? डोळे फुटले काय तुझे?"

त्याचे कान लाल झालेले. मग मला रिबन आठवली... वेचून दिलेले दिवे आठवले. मी सर्किट त्याला परत दिलं.

त्याने एकदा मामाकडे बघितलं. "शेठ, हिची चूक नाय. मला लाल-हिरवं सारखंच दिसतं."

"आणि बोटींचे दिवे?" मामाने विचारलं.

"ते पण."

समोरून येणाऱ्या बोटीचा लाल कुठला, हिरवा कुठला, हे ज्याला कळत नाही त्याला ट्रॉलरवर कोण घेणार? मामा बाहेर जाऊन विडी पेटवत बसला. शेठ म्हणाले, सोमवारी वेळेवर ये.

मी सोल्डरिंग गन तापवली, दोन्ही रेझिस्टर काढून अदलून-बदलून लावले. दिवे पळायला लागले.

"म्हणजे वेचून मागायचास ते रंगासाठी," मी म्हटलं.

"पहिले चार."

"आणि सहा?"

"होडीला चारच लागतात," तो दिव्यांकडे बघत म्हणाला. "आता ट्रॉलर गेला... इथेच कुठेतरी रेडिओ दुरुस्ती शिकेन म्हणतो. पट्ट्या वाचायला कोणीतरी लागेल."

"बघू," मी म्हटलं.

सोमवारी घरातून निघताना ट्रंकेत लाल रिबन दिसली. मी हिरवीच बांधली.

तो दहाला आला. "लाल छान दिसते."

"हो," मी म्हटलं.