गाडीच्या नव्या वहाणा

चौथा टायर बसवून इनास मेस्त्रीने हात पुसले. वेंगुर्ल्यात तशी गाडी दुसरी नव्हती. लाल, बुटकी, वर टप नाही, जागा दोनच माणसांची. काजू कारखान्याचे मालक भाई यांनी ती गोव्याहून आणली होती. पोर्तुगीज गेले, त्यांच्या मागे राहिलेल्या सामानात हे कोरे टायरही मिळाले. मऊ रबराचे, उन्हाळ्यात तापल्या रस्त्यावर पळवायला बनवलेले. वर नागमोडी नक्षी.

दुसऱ्या दिवशी भाई बायकोला घेऊन आंबोलीचा घाट चढणार होते. सरलाला सातवा महिना होता, माहेर घाटावर.

"दाजीनू, तुमी होय म्हणशात तरच तिका गाडयेत बसवीन," भाईंनी सांगून ठेवलं होतं.

दाजीने उभा जन्म घाटात लॉऱ्या चालवल्या होत्या. त्याचा शब्द म्हणजे शब्द. टायर पारखायला तो आज गाडी सड्यापर्यंत फिरवून आणणार होता.

"सड्यावर राखणदाराकडे थांब हां," इनास म्हणाला.

"कित्याक?"

"टायर नवे आसत. गाडयेच्यो व्हाणोच त्यो."

सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, गावची सीमा. तिथे वडाखाली राखणदाराचा पाषाण. तो घोंगडी पांघरून दिवसरात्र सीमेवर फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात. म्हणून नवी वहाण घालून पहिल्यांदा सीमा ओलांडणाराने ती पाषाणापुढे काढायची, 'तुझ्या मानाक' म्हणायचं, मग पायात घालायची. न दाखवलेली वहाण त्याची. दाजीने ही रीत कधी मोडली नव्हती. पण टायर?

"चर्चीतल्या खुरसाक हात जोडणारो तू, माका राखणदार शिकवतंस? गाडयेक पाय खंय आसत रे?"

"आमची म्हातारी पण थंय मेणबत्ती लायत होती," इनास पुटपुटला.

दाजी निघाला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सड्यावर चिटपाखरू नव्हतं. नुकतंच पडलेलं डांबर उन्हाने मऊ झालं होतं, त्याचा वास नाकात बसत होता. टायर मात्र खरे. वळणावर गाडी रस्ता सोडीना. दाजीने वेग वाढवला. वड आला. पाषाणापुढे कुणीतरी ठेवलेल्या कातडी वहाणा क्षणभर दिसल्या आणि मागे पडल्या. दाजीने पाय उचलला नाही.

मग तो आवाज आला.

कर्र... कर्र...

नव्या कातड्याची वहाण करकरते तसा. आधी वाटलं, सीट करकरते. पण आवाज बाहेरून होता, डाव्या अंगाने. दाजीने वेग वाढवला. आवाज मागे पडला नाही, पुढेही गेला नाही. धावणाऱ्याचा नव्हताच तो. सावकाश चालणाऱ्याचा होता. डांबराच्या वासात आता ओल्या कातड्याचा वास मिसळला... आणि घोंगडीचा.

दाजीने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. आवाज एक पाऊल पुढे पडला आणि थांबला.

रस्ता रिकामा होता. पण गाडीच्या डाव्या बाजूला, मऊ डांबरात, एक पाऊल उमटलं होतं. हातभर लांब, वहाणेचं. त्याच्या तळव्यावर नागमोडी नक्षी होती.

दाजीने गिअर टाकला. गाडी वळवताना कानाशी कुणी हळू विचारलं,

"जातंस?"

निघताना 'जातंय' कुणी म्हणत नाही. जिभेला लागलेली सवय. दाजी बोलून गेला,

"येतंय..."

बोलला आणि कळलं, परत यायचं कबूल करून बसलो.

गॅरेजात भाई वाट पाहत होते. "काय दाजीनू, उद्या निघाया मां?"

होय म्हणणं सोपं होतं. रस्त्यावर टायर कुठे चुकले नव्हते. आणि घडलं ते सांगायचं, तर उद्या बाजारात पोरंसोरं हसणार. दाजीने भाईंकडे पाहिलं.

"नाय. सरलाक या गाडयेत बसवचा नाय."

"भर दुपारी ताडी घेतलास काय?" भाई हसले.

दाजीने चाकांकडे बोट केलं. इनासने जॅक लावून पुढची चाकं उचलली. भाईंचं हसू थांबलं. पुढचे दोन्ही टायर बाहेरच्या कडेने पार झिजले होते, आतलं कापड दिसत होतं. जन्मभर चालणाऱ्या माणसाची वहाण टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजते, तसे. घाटाच्या पहिल्या वळणावर फुटले असते. इनासने एक टायर सोडवून आत पाहिलं आणि क्रूस केला. आत रबरावर पायाच्या अंगठ्याचा ठसा होता, घामाने काळा पडलेला, तळहाताएवढा.

सरला एस.टी.ने माहेरी गेली. दाजी दोन्ही टायर खांद्यावर घालून सड्यावर गेला. येतंय म्हटलं होतं. पाषाणापुढे ते ठेवून 'तुझ्या मानाक' म्हणाला आणि मागे न बघता घरी आला.

पुढच्या वैशाखात तो इनासला घेऊन तिथे गेला. टायर होते. कापडही झिजून तार उघडी पडली होती. शेजारी आणखी दोन टायर होते. नक्षी निराळी, बाहेरची कड झिजलेली. ते कुणाच्या गाडीचे, गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

इनासने वाकून त्या परक्या टायरांतल्या एकाच्या आत बोट फिरवलं. मग ते बोट उजेडात धरलं.

"दाजी," तो हळू म्हणाला, "घाम ओलो आसा रे..."