मागच्या सीटवरची तहान

भर दुपारी थोरली आईला डायलिसिसला घेऊन निघाली, तेव्हा तिचं डोकं इंजिनाच्या आधीच तापलेलं होतं. धाकट्या भावाने स्वतः नवी गाडी घेतली आणि ही जुनी, मोठे उपकार केल्यासारखी, हिच्या गळ्यात मारली. प्रत्येक चढावर ती तापायची. मेकॅनिकने रेडिएटर धुतला, पाण्याचा पंप बदलला, हवेचा दाब देऊन गळतीही शोधली.

"ताई, थेंबभर गळत नाही," तो म्हणाला होता.

"मग पाणी जातं कुठे? मी पिते?"

त्यावर तो उगाच बोनेट पुसत राहिला.

आजही चढाच्या मध्यावर काटा लाल पट्ट्यात गेला. तिने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन निवेपर्यंत भावाच्या नावाने बोटं मोडली. मागे एकदा उशीर झाला, तर आईला धाप लागून जीव जायची वेळ आली होती. फडकं धरून तिने झाकण उघडलं. सकाळी काठोकाठ भरलेला रेडिएटर कोरडा ठणठणीत होता. गाडीखालची धूळही ओली नव्हती.

मागच्या सीटवरून आई हळूच म्हणाली, "ओरडू नकोस गं... तो दचकतो."

"कोण?"

"तहानलाय बिचारा... मला मेलीला पाणी मोजून मिळतं. तहान काय असते ते मला विचार."

थोरलीने वाकून मागे पाहिलं. आईशेजारी कुणीच नव्हतं. तिने भावाला फोन लावला.

"या गाडीत मागे कोण असतं रे?"

पलीकडे आधी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "म्हणजे... तुलाही..."

"नालायका! माहीत असून आईला यात बसवलंस?"

भीती होतीच, पण संताप तिच्याहून मोठा होता. तिने पाणी भरलं, आईला हाताला धरून पुढे आणून बसवलं आणि मागचं दार धाडकन लावलं. "बस आता एकटाच!"

पुढे सगळा चढ संपला, तरी इंजिन तापलं नाही. तिला जरा हायसं वाटलं.

दवाखान्यात नर्सने नेहमीसारखं आधी आईचं वजन केलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आजी, किती पाणी प्यायलात? एवढं वजन वाढतं कधी?"

"थेंबसुद्धा नाही गं," आई म्हणाली. तिचे ओठ सुकून फुटले होते.

थोरली उसळली. "तुमचं यंत्रच बिघडलंय! आई, उतर खाली."

आई उतरली. वजनाचा काटा मागे फिरला, पण शून्यापर्यंत गेला नाही. मध्येच थांबला आणि हलकासा हलत राहिला, कुणी ताटकळून पाय बदलत उभं असावं तसा.