खाऱ्या बांगड्याचं मीठ

चांगुणाबाईंशी गावात कुणी भांडेनासं झालं, त्याला चार महिने होऊन गेले होते. बाजारात त्यांनी बांगड्याचा भाव दुप्पट सांगितला तरी गिऱ्हाईक "बरं, मावशी" म्हणे. शेजारच्या कोळणीची जागा त्यांनी दिवसाढवळ्या ढापली, तर ती हसून सरकली. बाईंना वाटलं, आपण मेलो बहुतेक, आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

कारण त्यांच्या मनगटात होतं. साठी उलटलेल्या प्रत्येकाच्या कातडीखाली सरकारने तांदळाच्या दाण्याएवढा नाडीमणी बसवला होता. धमनीला चिकटून तो ठोक्याठोक्याला रक्ताचा दाब मोजी. दाब ठीक असला की हिरवा दिसे, चढला की लाल. लाल मणी दिसला की समोरच्याने तोंड मिटायचं, असा कायदाच होता.

खाडीपलीकडे राहणारी धाकटी बहीण येसू मात्र दर मंगळवारी फोन करी. बाई तिला दर आठवड्याला खारे बांगडे धाडत.

"ताई, या खेपेचे बांगडे झक्कास गो! मीठ अगदी बेताचं."

बाईंचा हात थबकला. या खेपेला मीठ दोन मुठी जास्त पडलं होतं. आणि पन्नास वर्षांत येसूने त्यांच्या मिठाला एकदाही नाव ठेवायचं सोडलं नव्हतं.

"मोरेश्वर, ही कोण बोलतेय?"

मुलाने आधी आईच्या मनगटाकडे पाहिलं. तेवढ्यानेच बाई समजल्या. त्याचा दंड धरून त्या थेट आरोग्य केंद्रात शिरल्या.

"येसू कुठाय?"

"मावशी, आधी बसा," डॉ. शर्वरी मोने म्हणाल्या.

"बसायला मी लग्नाला आलेय? सांग."

"तुम्हाला बीपी आहे ना—"

"बीपी, बीपी! मला कुठं काय दुखतंय?"

"तेच तर वाईट. दुखत नाही म्हणून माणूस गोळ्या सोडतो, खारं खात राहतो. होडीतलं पाणी उपसायचा पाइप रोज जास्त दाबाने चालवलात तर कडक होतो की नाही? एक दिवस चिरतो. तसं मेंदूत झालं की अंग लुळं पडतं. हृदय थकतं, मूत्रपिंडं जातात, नजर जाते. नुसत्या रागाने हा आजार होत नाही. पण तुमच्या मेंदूतली एक धमनी आता फुग्यासारखी पातळ झालीय. तिला एक धक्का पुरे."

"म्हणून?"

"म्हणून तुमच्या फोनवर सौम्यक चालू आहे."

सौम्यक म्हणजे मण्याच्या नोंदी वाचून माणसाचा दाब कशाने चढतो हे शिकणारं यंत्र. जे बोलणं दाब चढवील ते फोनमधून गाळायचं, आणि रिकामी राहिलेली जागा ओळखीच्या आवाजाने भरायची, एवढंच त्याचं काम.

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. "येसूबाई गेल्या, मावशी. चार महिने झाले. त्यांनाही बीपीच होतं. गोळ्या घेत नव्हत्या."

मणी लालभडक झाला. डॉक्टरांनी सुई उचलली. बाईंनी ती हाताने झटकली.

"माझी बहीण गेली आणि मी तिला बांगडे धाडत बसले! कुणी खाल्ले ते?"

"मीच वाटेत काढून ठेवत होतो," मोरेश्वर पुटपुटला.

"कुणाला विचारून रे?"

डॉक्टरांनी नोंद ऐकवली. मणी बसवताना कारकुनाने विचारलं होतं, वाईट बातमी कळवायची का? आणि खुद्द बाईंचा आवाज होता: "जा रे, माझ्या डोक्याशी कटकट नको!" यंत्राने तीच संमती धरली होती.

"अगं, हे मी दिवसातून दहादा म्हणते! मांजरालासुद्धा म्हणते! ते कोळणीचं बोलणं आहे, अंगठा नव्हे." बाईंचा आवाज फाटला. "गोळी दे, गिळते. मीठ तोड म्हण, तोडते. पण येसूसाठी रडायचं होतं ते माझं होतं. ते तुम्ही कोण पळवणारे? बंद कर ते, आत्ताच्या आत्ता."

डॉक्टरांनी अर्ज वर पाठवला. सोमवारी फोनवर निरोप आला: सौम्यक बंद करण्यात आलं आहे. बाईंनी येसूच्या नावाने पान वाढलं, पोटभर रडल्या, सुनेवर खेकसल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना जिवंत वाटलं.

मंगळवारी फोन वाजला.

"ताई, मीठ ओतलंस की काय गो? समुद्र आटवलास सगळा?"

येसूचाच आवाज. तोच खवचट हेल. बंद झाल्याचा निरोप कुणी धाडला होता, हे बाईंच्या आत्ता ध्यानात आलं. अर्जाचं खरं उत्तर नकाराचं, म्हणजे त्यांचा दाब चढवणारं असणार. ते गाळलं गेलं होतं. आणि गोड बोलून भागत नाही, एवढं यंत्र त्या दिवशी दवाखान्यात शिकलं होतं.

फोन खाडीत फेकायला त्यांनी हात उचलला.

"बोल की. दातखीळ बसली का?"

"तुझ्या जिभेला चव कधी होती गं, मेले?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

मग दोघी तासभर भांडल्या. बाईंच्या डोळ्यांतून संतापाने पाणी वाहत होतं, आणि मनगटातला मणी हिरवागार होत चालला होता.