जुन्या नंबरचा ठिपका

कारेगावात माझं मोबाईलचं दुकान आहे. सिम का बंद पडलं, रेंज कुठं गेली, हे मी गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत सांगतो. माझ्या काउंटरवर न उलगडणारं काही नसतं, असा माझा समज होता.

रविवारी कंपनीतला सत्यजीत एका पोलिश इंजिनिअरला घेऊन आला. नाव मारेक, मुक्काम सहा महिने आणि हातात नेट नाही. परदेशी माणसाचं सिम म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, इथल्या माणसाचा संदर्भ. सगळं देऊनही फॉर्म दोनदा परत आला होता. तिकडं त्याची मुलगी तापानं फणफणली होती आणि दोन दिवस त्यानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. बापाची घालमेल मला कुणी समजावून सांगायला नको.

"एबनेझरमामा, चार दिवसांपुरतं द्या की एखादं," सत्यजीत म्हणाला.

आमच्या धंद्यात हे चालतं, कुणाच्या नावाचं सिम कुणाच्या हातात. माझ्याकडं एकच मोकळं होतं, माझा स्वतःचा जुना नंबर. माझ्या मुलीला, कृपाला तोंडपाठ असलेला तेवढा एकच. सहा वर्षांपूर्वी तिनं दहावीचा शेवटचा पेपर दिला आणि मावशीनं तिला दौंडला शिरूरच्या एसटीत बसवलं. शिरूरला ती उतरलीच नाही. बायको गेल्यावर मी शिरूरची खोली सोडून कारेगावला आलो, पण तो नंबर सोडला नाही. साध्या हँडसेटमध्ये घालून कायम चार्जिंगला ठेवायचो.

चार दिवसांनी काय होतंय, असं म्हणून मी सिम काढून दिलं. फोनवर कुणीही मराठीत बोललं तर पळत माझ्याकडं ये, एवढं मारेकला तीनदा बजावलं.

सोमवारी तो हसत आला. माझ्या दारात उभा होता आणि नकाशा त्याला दौंडच्या एसटी स्टँडवर दाखवत होता. मी फोन बंद करून चालू केला. दुसऱ्या हँडसेटमध्ये सिम घातलं. निळा ठिपका दौंडातच. माझं दुसरं सिम घातलं, तर कारेगाव.

मंगळवारी ठिपका पाटसला होता, बुधवारी वरवंडला. टॉवरची गडबड आहे, असं मी मारेकला सांगितलं. माझा मलाच विश्वास वाटला नाही.

गुरुवारी ठिपका न्हावऱ्यात आला. दौंडहून शिरूरला येणाऱ्या एसटीचा तोच रस्ता होता.

मी शटर ओढलं आणि अंधार पडेपर्यंत कारेगावच्या स्टँडवर थांबलो. शुक्रवारीही थांबलो. उतरणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड पाहिलं. मला ती यायला हवी होती. कशीही.

शनिवारी सकाळी मारेकनं सिम परत आणून दिलं. त्याचं स्वतःचं चालू झालं होतं, मुलीचा तापही उतरला होता. सहा दिवसांत एकही कॉल आला नाही म्हणाला. मी त्याच्या फोनमधली कॉलची यादी पाहिली. कोरी होती. काल चार वाजता नकाशा शिरूर दाखवत होता, एवढं जाताजाता सांगून गेला.

मला तेव्हा उमगलं. कारेगाव तिला माहीतच नव्हतं.

शिरूरच्या खोलीत आता धुरपदा नावाची बाई राहते. मी गेलो तेव्हा ती दारात मेथी निवडत होती. काल कुणी आलं होतं का, मी विचारलं.

"चारच्या सुमाराला एक पोरगी आलती. शाळेच्या ड्रेसात, हातात परीक्षेचं हॉल तिकीट. पप्पा कुठं हायत म्हणली. मी म्हणलं, मला ठावं न्हाई."

कृपा आज बावीस वर्षांची असती.

"नंबर पाठ हाय म्हणली, म्हून माझा फोन दिला."

तिनं फोन पुढं केला. माझा जुना नंबर. चार वाजून सात मिनिटं. बोलणं झालेलं, दीड मिनिट.

"काय म्हणाली?"

धुरपदानं मेथीची काडी मोडली. "फोन ठिवला आन् रडली. म्हणली, पप्पा कायतरी येगळ्याच भाषेत बोलत्यात. मला वळखलं न्हाई."

मी सिम माझ्या फोनमध्ये घातलं. नकाशा उघडला.

ठिपका न्हावऱ्यात होता. दौंडच्या रस्त्याला लागलेला.