ईस्टरच्या जेवणाची तारीख

सभागृहात त्रेसष्ट खुर्च्या होत्या, चार पंखे (त्यांतले तीन फिरणारे), एक झेरॉक्स मशीन आणि त्या मशीनसमोर एकोणीस माणसं. आमच्या फिलिपिन्सच्या वकिलातीची मंडळी वर्षातून एकदाच, एका शनिवारी ऑस्ट्रेलियाच्या या उत्तर टोकाला, डार्विनला येतात आणि तीनच्या ठोक्याला शिक्के पेटीत टाकून निघतात. अकरा वाजून दहा मिनिटांनी मशीन बंद पडलं.

रांगेतून एक जण पुढे आला, मशीनसमोर मांडी घालून बसला. शर्टाच्या खिशातून पेन काढावं तसा त्यानं पेचकस काढला.

"कागद कुणी अडकवला?"

"मी," मी म्हटलं.

त्यानं चुरगळलेला कागद अलगद ओढला, मांडीवर पसरला, तळव्यानं सपाट केला. मी हात पुढे केला. त्यानं कागद दिला नाही.

"घटस्फोट?"

"दुसऱ्यांचं वाचू नये."

"वाचत नाही हो, इस्त्री करतोय... किती प्रती?"

"दोन."

"चार काढा. आपल्या देशाला हे दोनदा सांगून कळत नाही."

बोलण्यातल्या हेलावरून तो इलोइलोचा, माझ्याच गावाकडचा, हे लगेच कळलं. आम्ही इलोंगो लोक भांडलो तरी लोकांना वाटतं गातोय.

त्याचं नाव रोदेल. मासळीच्या धक्क्यावर शीतगृहं दुरुस्त करायचा. त्याचं म्हणणं खरं निघालं. पासपोर्टवर माहेरचं नाव परत हवं होतं, पण टेबलामागच्या माणसानं माझे कागद मागे सरकवले. "जेनलिन बाई, हा घटस्फोट इथला. आपल्याकडे घटस्फोटाचा कायदाच नाही, तिथे तुम्ही आर्नुल्फोच्या पत्नीच आहात."

बाहेर रोदेल कालामांसी लिंबाच्या सरबताचे दोन ग्लास घेऊन उभा होता. बर्फ निम्मा वितळलेला, म्हणजे वीस मिनिटं तरी तो उन्हात थांबला असावा.

पुढच्या अकरा महिन्यांत तो मला 'तुम्ही'वरून 'तू'वर आणि 'तू'वरून 'इंदाय'वर घेऊन आला. इंदाय म्हणजे लाडकी पोर. माझी आई सोडून कुणी मला तशी हाक मारत नव्हतं.

जुलैत, धक्क्यावर, हाताला माशांचा वास असताना त्यानं विचारलं, "इंदाय... लग्न करशील?"

मी पिण्याचं पाणी तपासते. चोवीस तास नमुना उबवल्याशिवाय पाणी चांगलं की वाईट हे सांगत नाही.

"निकाल आला की सांगते," मी म्हटलं.

त्याचं कंत्राट ऑक्टोबरात संपणार होतं, तो इलोइलोला परतणार होता. मी डार्विनला मोकळी बाई. पण विमान मनिलाला टेकलं की पुन्हा आर्नुल्फोची बायको, आणि रोदेलबरोबर राहिले तर आम्ही दोघंही गुन्हेगार. वाट एकच होती. इलोइलोच्या न्यायालयाकडून इथला घटस्फोट मान्य करून घ्यायचा. माझ्या वतीनं दावा बहीण चालवणार. त्यासाठी मुखत्यारपत्र आणि शपथेवरचं निवेदन वकिलातीच्या माणसासमोर सही करून द्यायचं होतं. महिनाभरानं ऑगस्ट आला, तोच शनिवार, तेच सभागृह. या खेपेला पंखे चारही फिरत होते.

सल्ल्याच्या टेबलामागे वकीलबाई मानांग दिविना बसल्या होत्या; मानांग म्हणजे ताई. दोन वाजून पाच मिनिटांनी माझा नंबर लागला.

"लग्नाच्या वेळी दोघंही फिलिपिनो?"

"हो, मानांग."

"घटस्फोट लागू कधी झाला?"

"पंचवीस मार्च. न्यायालयाचा आदेश चोवीस फेब्रुवारीचा, त्यापुढे एक महिना आणि एक दिवस."

"आणि तो ऑस्ट्रेलियाचा नागरिक कधी झाला?"

"ईस्टरला. चार एप्रिल."

त्यांचं पेन थांबलं. "म्हणजे लागू झाला त्या दिवशी दोघंही आपलेच नागरिक."

"दहा दिवसांचा तर फरक आहे..."

"एक असता तरी तेच. घटस्फोट झाला तेव्हा दोघांतलं एक जण परदेशी हवं, पोरी. हे निवेदन सही करू नकोस, दावा उभाच राहणार नाही."

माझ्या मागे रोदेलचा श्वास ऐकू येत होता. "दुसरा रस्ता?" त्यानं विचारलं.

"लग्न मुळातच रद्दबातल होतं असं सिद्ध करायचं. नवरा मनानं संसाराला असमर्थ होता म्हणायचं. त्यात वर्षं जातात."

"असमर्थ नव्हता," मी म्हटलं. "आळशी होता."

"आळसावर आपल्याकडे लग्न मोडत नाही, बाई. नाहीतर कुणाचं टिकलं असतं?"

दाराशी नानाय पुरिताचं पान्सितचं, म्हणजे परतलेल्या शेवयांचं, टेबल होतं. आर्नुल्फोची आई; आमच्यात आईला नानाय म्हणतात. मुलगा खाणीवर कामाला पर्थकडे निघून गेला तरी ती मला सूनच म्हणायची. शेवयांच्या माझ्या ताटलीत मोजून पाच कोळंब्या घालायची. रोदेलच्या ताटलीत वर्षभरात एकही पडली नव्हती.

"डोळे का लाल?" तिनं विचारलं.

"काही नाही, नानाय. ईस्टर त्या वर्षी दहा दिवस आधी आला असता, तर..."

"ईस्टरचं काय?"

"आर्नुल्फो ईस्टरला इथला नागरिक झाला ना. तुम्ही जेवण घातलंत. मला डुकराची कुरकुरीत साल पाठवलीत, डबा भरून."

नानायनं डाव खाली ठेवला. "जेवण ईस्टरला घातलं. शपथ त्यानं आधीच घेतली होती, उपवासाच्या दिवसांत. मी काय उपवासात डुक्कर भाजेन? देवाला तोंड दाखवायचंय मला!"

दोन वाजून बावीस मिनिटं. मी निवेदनात जेवणाची तारीख लिहिली होती. ऐकीव गोष्ट निरीक्षण म्हणून नोंदवली होती.

"कोणती तारीख, नानाय?"

"कशाला हवी?"

रोदेलनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं. पासपोर्टसाठी म्हणता आलं असतं.

"कायद्यानं तुमची सून राहू नये म्हणून," मी म्हटलं.

नानाय पातेल्यात बघत राहिली. वाफ तिच्या चष्म्यावर चढली. मग ती रोदेलकडे वळली.

"आणि तू? हिला पोटभर जेवू घालशील?"

"स्वयंपाक मीच करतो, नानाय. हिचा भात... हिचा भात प्रयोगशाळेत ठेवण्यासारखा असतो."

"ते मला ठाऊक आहे," नानाय म्हणाली. "सहा वर्षं खाल्लाय."

तिनं एप्रनच्या खिशातून फोन काढला, लावला, कानापासून हातभर दूर धरला आणि ओरडली, "नूफो! ते प्रमाणपत्र काढ, शपथेचं. त्याचा फोटो पाठव."

"रात्रपाळी करून झोपलोय, नानाय... संध्याकाळी—"

"मेल्या, ऊठ!"

दोन छत्तीस. फोन गप्प. दोन एकेचाळीस. वकिलातीचा माणूस शिक्क्यांची पेटी उघडून वर घेत होता. रोदेलनं माझं बोट धरलं होतं, एकच, करंगळी.

दोन वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी फोटो आला. आधी अंगठाच दिसला, मग बोधचिन्ह, मग नाव, मग तारीख. अकरा मार्च.

मी धावले. मानांग दिविनांनी फोन डोळ्यांपाशी नेला, मग लांब धरला, मग बोटांवर मोजलं. मी आधीच मोजलं होतं. अकरा ते पंचवीस, चौदा दिवस.

"समोरचे सरकारी वकील आदेशाच्या, फेब्रुवारीच्या तारखेवरून भांडतील," त्या म्हणाल्या. "भांडू देत. लागू झाला त्या दिवशी तो परका होता, हे आपल्याला म्हणता येतं. प्रमाणपत्राची अधिकृत प्रत मागव. चार एप्रिल खोड, अकरा मार्च लिही, बाजूला छोटी सही कर. पळ!"

शिक्का दोन चोपन्नला बसला. शाई ओली होती, म्हणून मी कागद दोन्ही हातांनी आडवा धरून बाहेर आले.

"निकाल आला?" रोदेलनं विचारलं.

"न्यायालयाचा नाही. त्याला वर्ष लागेल, कदाचित दोन. हरूही शकतो."

"मी न्यायालयाला कुठे विचारलं होतं, इंदाय?"

शाई वाळायला हवी होती. मी कागदावर हळूच फुंकर घातली. तो माझ्या ओठांकडे बघत होता... मी दुसऱ्यांदा फुंकर घातली, गरज नसताना.

"हो," मी म्हटलं.

"अरे, गार होतंय!" दारातून नानाय ओरडली. "दोघंही या!"

तिनं दोन ताटल्या पुढे केल्या आणि पाठ वळवून पातेलं घासायला घेतलं.

माझ्या ताटलीत पाच कोळंब्या होत्या. रोदेलच्या ताटलीत पाच.